रोमच्या तीन हाका

तुला काय म्हणून लिहू, इथूनच माझी अडचण सुरू होते. माहेरी असलीस की मी पत्रावर 'सौ.' लिहायचो आणि पुढची जागा कोरी ठेवून थेट मजकुरावर यायचो. घरात 'अगं' आणि 'ऐकलंस का' एवढ्यावर भागायचं. चारचौघांत तेही नाही, नुसता घसा खाकरला की तू बघायचीस. आता घसा खाकरून चालण्यासारखं राहिलेलं नाही.

तू गेलीस त्याला अजून महिनाही झालेला नाही. भोरातली माणसं संध्याकाळी माझी समजूत घालायला येतात, पण मला जे समजत नाहीये ते निराळंच आहे. ते त्यांना सांगावं तर म्हणतील, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि आधी तरी ते डोकं कुठं धड होतं, अर्धं लॅटिननं खाल्लेलंच. म्हणून तुला सांगतो. तुला निदान रोमची माहिती आहे.

हे वाक्य लिहून माझं मलाच हसू आलं. भोंगवलीच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि तोरण्याखालच्या वाडीतली तू, आणि आपण जेवताना बोलायचो ते पोपांबद्दल. शेजारी कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, पोप यांच्या घरी पाहुणे राहून गेलेत वाटतं.

पुण्यात शिकत होतो तेव्हा एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांना मी मराठी शिकवायचो आणि ते मला लॅटिन. त्यांची मराठी शेवटपर्यंत कच्चीच राहिली. मला मात्र लॅटिनचं वेड लागलं ते लागलंच. भोरच्या शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन धोतरं होती आणि बाकी सगळे पोप. गावानं ठरवून टाकलं की मास्तर बाटणार, फक्त मुहूर्त निघायचाय. मी एकादशी धरायचो, म्हसोबाला नारळ फोडायचो, तरीही. मला बाटायचं नव्हतं. ती भाषा आवडायची, आणि ती ज्या एका घरात अजून बोलली जाते त्या घराच्या चालीरीती आवडायच्या. हे मला कुणाला पटवता आलं नाही. तू मात्र कधी विचारलंच नाहीस. एकदाच चूल सारवताना म्हणाली होतीस, "दुसऱ्याच्या दारातलं लगीन बगाया आपन उभं ऱ्हातोच की. म्हून काय आपलं लगीन लागतंय व्हय?"

सकाळी मी पडवीत येरझाऱ्या घालत पोपांची यादी म्हणायचो. पहिल्यापासून, ओळीनं, लॅटिनमध्ये. तू आत स्वयंपाक करायचीस. एक दिवस यादी मी मधूनच सोडून दिली, कारण शाळेतून बोलावणं आलं, आणि त्या दिवशी भात करपला. तेव्हा मला कळलं की तू माझ्या पोपांवर भात उतरवत होतीस. "तुमी त्या भांडखोर पोपांपातूर आलासा की भात हुतो," असं तू मला अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस. गाय व्याली त्या पहाटे तू गोठ्यातून ओरडलीस ते "हाबेमुस!" म्हणून. नवा पोप ठरला की रोमच्या सज्जातून हीच ललकारी देतात, आम्हाला मिळाला म्हणून. आपल्याला कालवड मिळाली होती.

तू माझी थट्टा करत होतीस की तुलाही गोडी लागली होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायला कुणी नाही.

प्रत्येक रिवाजावर तुझं काहीतरी असायचंच. नवा पोप निवडायला थोरल्या धर्माधिकाऱ्यांना कुलूपबंद करतात, निवड होईपर्यंत सोडत नाहीत, आणि एकदा फारच लांबलं तेव्हा लोकांनी वरचं छप्पर काढलं, हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, भावकीच्या वाटण्या अशाच कराव्यात. पोप गेला की त्याच्या बोटातली कोळ्याचं चित्र कोरलेली अंगठी फोडतात, यावर तू हातातला घास खाली ठेवलास. मग म्हणालीस, "म्हंजी बांगड्या फोडत्यात तसं. मंग तितं रांडवतं कोन?"

मी म्हटलं, "रोम."

"रोम काय, म्हैन्यात दुसरा करतं." आणि तू ताट उचलून आत गेलीस.

नावाचा विषय निघाला तेव्हा मात्र थट्टा नव्हती. पोप निवडून आला की त्याला विचारतात, कोणतं नाव घेणार, आणि त्या दिवसापासून आईबापांनी ठेवलेलं नाव मागं पडतं, असं मी सांगत होतो. तू चूल फुंकायची थांबलीस.

"त्येला इचारत्यात?"

"विचारतात."

"मला न्हवतं कुनी इचारलं."

तक्रार म्हणून नाही बोललीस. खरं होतं ते बोललीस. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मीच नाव लिहिलं होतं, इंदुमती. ते माझ्या आईनं ठरवलेलं, मास्तराच्या बायकोला शोभेल असं. तेव्हा तुझी आई बायकांतून पुढं आली होती, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. ती म्हणाली, "नाव बदलू नगा तिचं. हिच्या आदीची दोन गेली. म्हून हिला धोंडी म्हनलं, तवा ऱ्हायली. धोंड्याला कोन न्हेतंय?" भटजी म्हणाले, रीत आहे. माझी आई म्हणाली, रीत आहे. अक्षता पडल्या. तुझी आई, मी ज्यांना मामी म्हणतो त्या, त्यानंतर आपल्या घरी कितीदा आल्या, पण तुला त्यांनी आपल्या घरात कुठल्याच नावानं हाक मारली नाही. 'आमची पोरगी' म्हणायच्या.

तुझी कळी खुलावी म्हणून मी तुला त्या दिवशी सांगितलं की पहिला पोप हा कोळी होता, त्याचंही नाव मागाहून ठेवलेलं, आणि त्या नावाचा अर्थ धोंडाच. इतक्या शतकांत एकाही पोपानं ते नाव पुन्हा घेतलेलं नाही, मोठ्या मानाचं म्हणून. मला वाटलं तुला बरं वाटेल. तू म्हणालीस, "त्येंनी धोंडा केला आन् तुमी धोंडा काढला. उलटंच की वो." आणि मग लगेच हसलीस. "ऱ्हाऊ द्या. आमी समद्या बायका पोपच म्हना. लगीन झालं की नवं नाव, आन् उंबऱ्याच्या आत." पोप कितीतरी वर्षं रुसून आपल्या वाड्याबाहेर पडत नव्हते, हे मीच तुला सांगितलेलं होतं. माझंच अस्त्र माझ्यावर उलटवण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आपलं धुराचं भांडणही तसंच राहिलं. लढाई सुरू व्हायच्या आधी रोमचे म्हातारे पोप वारले, ते वाचनालयातल्या पेपरात आलं. मी घरी येऊन तुला सगळं सांगितलं. मतांच्या चिठ्ठ्या शेगडीत जाळतात. निवड झाली नसेल तर त्यात ओलं गवत घालतात, म्हणजे धूर काळा निघतो. निवड झाली असेल तर नुसत्या चिठ्ठ्या, धूर पांढरा. बाहेर चौकात माणसं धुराड्याकडे बघत उभी असतात.

"ओल्या गवताचा धूर काळा?" तू म्हणालीस. "पांडराफेक हुतो."

मी म्हटलं, पुस्तकात आहे. तू म्हणालीस, पुस्तकाला धूर लागलाय का कधी. मग आपण दोघं परसात गेलो. मी रद्दी पेटवली, तू भाताचा ओला पेंढा टाकलास. धूर जो निघाला तो काळाही नव्हता आणि पांढराही नव्हता. खाली काळपट, वर पांढुरका, मधे पिवळसर. मी म्हणायचो काळा, तू म्हणायचीस पांढरा. तेवढ्यात शेजारचा गणपा गोठा पेटला समजून पाण्याची घागर घेऊन धावत आला. त्याला आपण दोघांनी एकदमच विचारलं, रंग कुठला? तो बिचारा म्हणाला, "मास्तर, आग इजवू का रंग बगू?" आणि घागर ओतली. भांडणाचा निकाल तिथंच भिजला. पुढं कुठंतरी वाचलं की रोममध्येही धुरावरून माणसांचा गोंधळ उडतो. ते मी तुला सांगितलं नाही, तू जिंकलीस असं झालं असतं.

आता तीन हाकांचं सांगतो. त्यासाठी आधी तुझ्या वाडीचं सांगायला हवं.

लग्नानंतर पहिल्यांदा तुला घेऊन वेल्ह्याकडे गेलो. गाडी सोडून पुढं डोंगराच्या कडेनं चाललो. तुमची घरं म्हणजे एक या उतारावर, दुसरं ओढ्यापलीकडच्या. मामींनी अंगणात उभं राहून समोरच्या घरातल्या सुनेला हाक मारली. ती रानात गुरांमागं गेली होती. पण तिच्या बाजूच्या घरातून भलत्याच बाईनं खणखणीत ओ दिली. मी तुला विचारलं, ही का ओरडली? तू म्हणालीस, हाक मोकळी जाऊ द्यायची नसते. ज्याला मारली तो नसला तर जवळचं माणूस त्याची ओ देतं. आणि ज्यानं ओ दिली त्यानं निरोप घ्यायचा, आणि तो माणूस भेटला की पोचवायचा. मला मोठी मौज वाटली. रोमच्या रिवाजांत गढलेल्या मला स्वतःच्या सासुरवाडीचा रिवाज तोवर माहीत नव्हता.

म्हातारे पोप वारले त्याच दिवसांत मी तुला ते सांगितलं. पोपाचा प्राण गेला की मोठा अधिकारी खाटेपाशी येतो. हातात चांदीची लहानशी हातोडी. ती कपाळाला हलकेच लावून तीन हाका मारतो. पोप म्हणून घेतलेल्या नावानं नाही, आईनं ठेवलेल्या नावानं. उत्तर आलं नाही, की मग जाहीर करतो, पोप खरोखरच गेले. एका पुस्तकात हे अगदी तपशिलानं होतं, दुसऱ्यात लिहिलं होतं की ही लोकांनी उठवलेली गोष्ट आहे. मी पुण्याला पाद्रीबाबांना विचारलं होतं, तर ते नुसते हसले. तेव्हा खरं काय ते मला माहीत नाही. तुला मी खरं म्हणूनच सांगितलं, कारण मला ते खरं असावंसं वाटत होतं.

भाकरी थापताना तुझे हात थांबले. "आईच्या नावानं?"

"हो."

"इतकी वर्सं त्या नावानं कुनी हाक मारली नसंल. त्येला कळंल का, आपल्यालाच बोलावत्यात म्हून?"

मी म्हटलं, तो मेलेलाच असतो, कळायचा प्रश्न येत नाही. तुला ते पटलं नाही. भाकरी तव्यावर टाकून तू पुन्हा विचारलंस, "आन् दुसऱ्या कुनी ओ दिली तर?"

"कोण देणार? तिथं कुणी देत नाही."

"बायकू न्हाई, पोर न्हाई. व्हय, कोन देनार," तू म्हणालीस. "पन दिली तर? मंग मेला म्हनायचा का न्हाई?"

मी म्हटलं, पुस्तकात बघून सांगतो. जेवढी होती तेवढी सगळी पुस्तकं पाहिली. कुठंच नव्हतं. तू अधूनमधून विचारायचीस, घावलं का? मी म्हणायचो, अजून नाही.

आपल्यालाही मूल झालं नाही. तू ते वाक्य बोलताना आपला विचार करत होतीस का, हेही मी कधी विचारलं नाही.

मग हा ताप आला. लढाईमुळे हिवतापावरचं कोयनेल मिळेना. डॉक्टर येऊन जायचे आणि जाताना माझ्याकडे बघायचे नाहीत. गणपा गाडी जोडून गेला आणि मामींना घेऊन आला. त्यांना आता मोतीबिंदूनं दिसत नाही, भिंतीला टेकून तुझ्या खाटेशेजारी बसून राहायच्या आणि तुझा पाय दाबायच्या. एका दुपारी तुझा ताप जरा उतरला होता. तू मला जवळ बोलावलंस आणि अगदी हळू म्हणालीस, "मला हाक मारायची हाय तुमास्नी. रोमावानी. माज्या नावानं."

मी म्हटलं, असलं काही बोलू नये.

"माराल न्हवं?"

मी "बरं" म्हटलं. तू शांत पडून राहावंस म्हणून म्हटलं, की खरंच कबूल केलं, हे मला आता ठरवता येत नाही. तू मात्र डोळे मिटलेस आणि तुझ्या चेहऱ्यावर एक समाधान आलं. ते समाधान माझ्या शब्दाचं होतं की उतरलेल्या तापाचं, तेही मला माहीत नाही. तुझ्या मागं माझी अशी अवस्था झाली आहे. पूर्वी मला प्रत्येक गोष्टीत दोन पुस्तकांतली दोन मतं दिसायची आणि त्यात मजा वाटायची. आता मजा वाटत नाही, भीती वाटते. मला तुझी फार आठवण येते, एवढं एकच मला नक्की माहीत आहे.

तू गेलीस त्या दिवशी बायकांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. सवाष्ण गेली, भाग्याची, असं त्या म्हणत होत्या. अंगणात निम्मा भोर जमला होता. मास्तर आता कोणत्या पद्धतीनं काय करतात, हे बघायलाही काहीजण आले असतील. गणपा जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, उचलायचं न्हवं?"

मी म्हटलं, थांब.

तुझ्या उशाशी बसलो. चांदीची हातोडी कुठली असणार. मी एक बोट तुझ्या कपाळाला लावलं, त्याला कुंकू लागलं. आणि माझी जीभच उचलेना. इंदुमती हे नाव मी तांदळात लिहिलं होतं, पण तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. धोंडी हेही कधी उच्चारलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तुझं एकही नाव माझ्या तोंडाच्या सवयीचं नव्हतं. लोक वाट बघत होते.

मी म्हटलं, "धोंडे."

बायकांचं रडणं थांबलं. कुणीतरी कुजबुजलं, धक्का बसलाय. कुणी म्हणालं, पाद्र्याचं काहीतरी दिसतंय. मी दुसऱ्यांदा हाक मारली. तुझा चेहरा तसाच. रोमच्या रिवाजाप्रमाणे आता एकच राहिली होती, आणि ती मारली की संपलं, हे मला ठाऊक होतं, म्हणून ती माझ्या तोंडून नीट निघाली नाही. फार मोठ्यानं निघाली, ओढ्यापलीकडे ऐकू जावी एवढी.

"धोंडे!"

आणि भिंतीकडून ओ आली.

खणखणीत, तुमच्या डोंगरातल्यासारखी. मामींनी मान वर केली होती. न दिसणारे डोळे माझ्या आवाजाकडे लावून त्या म्हणाल्या, "ओ! ती न्हाई हितं. मी हाय. काय निरोप हाय?"

माझ्याजवळ निरोप नव्हता. होता, पण अंगणात माणसं उभी होती. मग गणपानं माझ्या खांद्याला हात लावला आणि तुला उचललं.

तर माझा घोटाळा हा आहे. रोमच्या नियमानं तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही तर माणूस गेला. उत्तर आलं. तू विचारलं होतंस, दुसऱ्या कुणी दिली तर मेला म्हणायचा का नाही, आणि मी पुस्तकात बघून सांगणार होतो. आता मला पुस्तकाची गरज होती तर पुस्तकात काही नाही. तुला सरणावर ठेवलं ते मी बघितलं आहे, अग्नी मीच दिला आहे. तरी रात्रंदिवस मला वाटत राहतं की तुझ्याविषयी काही जाहीर करायचा मला अधिकार राहिलेला नाही. मला तुझा रागही येतो. असला प्रश्न विचारून कुणी असं निघून जातं का?

मामी वाडीला परत गेलेल्या नाहीत. तेरावं झाल्यावर गणपानं गाडी जोडली तरी उठल्या नाहीत. तिथंच भिंतीला टेकून बसतात. मी भात करतो, पोपांची यादी म्हणतो, भात होतो, दोघं जेवतो. मला वाटायचं त्यांना तुझी जागा सोडवत नसेल. काल ताट ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जावयबापू, ओ दिलीया म्या. निरोप घेतल्याबिगर कसं जाऊ? तिकडं माजी बी येळ झाली. भेटली तर काय सांगू तिला?"

आज शाळेतून आल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. सांगण्यासारखं किती होतं. तू गेल्यावर घर कसं झालंय ते होतं. नाव विचारायला हवं होतं, ते होतं. काय आधी सांगावं ते मला कळेना, आणि म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहील एवढंच सांगायला हवं होतं.

मी म्हटलं, "मामी, तिला सांगा, धूर पांढराच होता."

कसला धूर, कुठला धूर, त्यांनी काही विचारलं नाही. पदर सारखा केला, मनातल्या मनात ते एकदा घोकलं आणि म्हणाल्या, "सांगते."